नवी चाळिशी

२०१४ साली मला चाळिशी लागली. त्याच सुमारास अमेरिकेहून आलेल्या भाच्याने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आपला ‘गूगल ग्लास’ माझ्या डोळ्यांवर चढविला. उजव्या भुवईपाशी नखाएवढा लोलक, आणि त्यात ८ फुटांवरच्या २५ इंची पडद्याएवढे चित्र! हातातले वर्तमानपत्र मला धूसर दिसे. बोटभर अंतरावरची ही अक्षरे मात्र लख्ख दिसली. लोलकातला वक्र आरसा प्रतिमा दूर नेऊन ठेवतो, हे त्यातले मर्म. २०२३ साली कंपनीने या चष्म्याची विक्री थांबविली, त्याचे मला वाईट वाटले नाही. त्या दिवशी मी लोलकात रमलो असता आई जवळ येऊन काहीतरी म्हणाली. मी नुसते ‘हं’ म्हटले. चष्मा उतरविला तेव्हा ती शेजारच्या मुलाकडून सुई ओवून घेत होती.