वर्गांतील मोबाइल

शाळेंत मोबाइल असावा कीं नसावा, हा प्रश्न निघाला कीं हल्लीं घरोघरीं दोन पक्ष पडतात. (सरकारी मराठींत यास भ्रमणध्वनि म्हणतात, आम्ही आपलें मुलांसारखें मोबाइलच म्हणूं.) फ्रान्सनें २०१८ सालीं कायदा करून लहान मुलांच्या शाळांत तो बंद केला, हें बंदीवाले आवर्जून सांगतात, परंतु शिकविण्याच्या कामीं त्याचा उपयोग करण्यास त्याच कायद्यानें वाट ठेविली आहे, तें मात्र सांगत नाहींत.

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां आम्ही बोलणार तें त्याच आधारें. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० सालीं निघाला. आमच्या शाळेंत त्याची एकच प्रत होती, तीही कपाटांत, आणि किल्ली कारकुनापाशीं! जर्मनींतील कोलोन विद्यापीठानें हा कोश संगणकावर घालून सर्वांस फुकट खुला केला आहे. सेवेच्या अखेरच्या वर्षांत आठवड्यांतला एक तास आम्हीं त्यासाठीं राखून ठेविला होता.

त्या तासाला मोठी मौज येई. 'जग्मुः' हें पद दिलें कीं मुलें तें जसेंच्या तसें शोधीत आणि कांहीं न सांपडल्यामुळें आमच्या तोंडाकडे पाहत. कोशांत क्रियापदें धातूखालीं लाविलेलीं असतात. 'गम्' ओळखल्यावांचून दार उघडत नाहीं. 'अपश्यत्'साठीं तर 'दृश्' गांठावा लागतो. म्हणजे यंत्रानें पुस्तकाचें ओझें हलकें केलें, व्याकरणाचें नव्हे. आतां अर्थ थेट सांगणारीं साधनेंही निघालीं आहेत. घरीं शिकावयास येणारीं मुलें तीं खुशाल वापरतात. आम्ही मात्र प्रत्येक पदाचा धातु, काळ, पुरुष व वचन विचारतों, आणि तें सांगतां आलें तरच तो अर्थ मान्य करतों.

पाठांतरासही या यंत्राचा उपयोग झाला. श्लोक म्हणून तो मुद्रित करावयाचा व आपला आपणच ऐकावयाचा. 'श' आणि 'ष' यांतील भेद आमच्या सांगण्यापेक्षां स्वतःचा आवाज ऐकून मुलांच्या अधिक ध्यानांत येई.

खरी अडचण निराळीच होती. वर्गांतील निम्म्या मुलांपाशीं मोबाइल नसे. घरांत एकच असे, तो वडिलांबरोबर कामावर जाई. संध्याकाळीं परत आला तरी आधीं भावाच्या हातीं, मग उरला वेळ तर बहिणीच्या. पुढें २०२० सालीं शाळा बंद पडल्या, तेव्हां हीच गोष्ट साऱ्या देशास दिसली. म्हणून आम्हीं नियम केला: तिघांत एक मोबाइल, आणि तो हातीं धरावयाचा ज्याच्या घरीं नाहीं त्यानें. मालकानें नुसतें शेजारीं बसून पाहावयाचें. एका गृहस्थांस हें मुळींच रुचलें नाहीं. "आमची महागाची वस्तु दुसऱ्याच्या पोरानें कां हाताळावी?" असें ते शाळेंत येऊन विचारते झाले. पुढल्या आठवड्यापासून त्यांनीं चिरंजिवांस मोबाइलशिवाय धाडण्यास आरंभ केला. आणि नियमाप्रमाणें दर तासाला तिघांतला मोबाइल त्याच्याच हातीं येऊं लागला.