बटणांचा नकाशा

डिसेंबर लागला की आमच्या चित्रकलेच्या खोलीत पोस्टर कलरचा ओलसर वास भरून राहतो. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. १९९१ पासून तो पाळला जातो, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात तासाला एकच विषय असतो : वीज वाचवा. विषय फळ्यावर लिहून होण्याआधीच मुलांच्या पेन्सिली सुरू झालेल्या असतात. रडणारी पृथ्वी, बल्बमध्ये उगवलेलं रोप, ओंजळीतला सूर्य. हात सफाईदार चालतात, कारण ही चित्रं त्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात. मला त्या सफाईचीच काळजी वाटते. पाठ झालेलं चित्र काढताना मुलाचे डोळे मिटलेलेच असतात.

त्यातून आम्ही चंद्रपूरचे. शाळेच्या मैदानावरून दुर्गापूरच्या दिशेला पाहिलं तर सुपर थर्मल वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. २,९२० मेगावॅट क्षमतेचं हे केंद्र आमच्या आभाळाचा एक भाग होऊन बसलं आहे. कोळसा आसपासच्या खाणींतला, पाणी इरई धरणाचं. इथून निघालेली एक उच्चदाब वाहिनी ७५२ किलोमीटर चालत थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला पोचते. महाराष्ट्र आडवा ओलांडणारे ते मनोरे इथल्या मुलांनी शेतांतून उभे पाहिलेले आहेत. गच्चीवर वाळत टाकलेल्या कपड्यांवरची काळी बारीक धूळ आईने झटकलेली पाहिली आहे. ज्या मुलांच्या अंगणात वीज जन्म घेते, त्यांनी उसनी पृथ्वी का रडवावी?

म्हणून यंदा मी सातवीच्या मुलांना सुरुवातीला कार्डशीट दिलेच नाहीत. वह्या घेऊन त्यांना त्यांच्याच वर्गात बसवलं आणि सांगितलं, आधी खोली बघा.

खोली बघायला बराच वेळ लागला, आणि तो वेळ मला फार प्रिय वाटला. उत्तरेच्या भिंतीला दोन खिडक्या आहेत हे मुलांना माहीत होतं. त्यातली एक पत्र्याच्या कपाटाने निम्मी झाकली आहे आणि म्हणून तिसऱ्या रांगेवर दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते, हे त्या दिवशी उमगलं. दोघातिघांनी कपाट ढकललं. हिवाळ्यातला तो मऊ, निळसर उजेड उत्तरेच्या खिडकीतून बाकांवर उतरला. लाकडावर कोरलेली जुनी नावं उजळली. चित्रकार अशा उजेडासाठी झुरतात, आणि आमच्या वर्गात तो कपाटामागे पडून होता.

मग हिशोब. चार पंखे, प्रत्येकी साधारण ७५ वॅट. चार ट्यूबलाइट, प्रत्येकी ४० वॅट. एकूण ४६०. परिपाठ, मधली सुट्टी, खेळाचा तास मिळून खोली रोज दोनेक तास रिकामी असते आणि पंखे, ट्यूब चालूच असतात. डिसेंबरात पंखे बंद असतात, तेव्हा हिशोब जुलैचा धरला. दोन तासांचे ९२० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ एक युनिट. कोळशावरच्या विजेला एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशात राखेचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, म्हणजे कुणी नसताना आपल्या वर्गात रोज पाव किलो राख होते?’’

हो. शाळेत अशा बारा खोल्या असतील तर रोज आठेक किलो कोळसा, कुणालाही वारा न घालता. हे ऐकून वर्ग जो गप्प झाला, तसा तो माझ्या कुठल्याही रागावण्याने होत नाही.

एक गोष्ट मी मुलांना ठासून सांगते. एप्रिलच्या सकाळच्या शाळेत, पारा ४५ कडे सरकत असताना, चारही पंखे फिरलेच पाहिजेत. चंद्रपूरच्या लेकराला वाऱ्याबद्दल अपराधी वाटायला लावणारं पोस्टर मी भिंतीवर चढू देणार नाही. बचत हवी ती रिकाम्या बाकांवर फिरणाऱ्या पात्यांची.

अडचण खरी होती ती बटणांची. बोर्डावर आठ काळी बटणं, आणि कोणतं कशाचं ते कुणालाच ठाऊक नाही. एक पंखा हवा तर मुलं तळहाताने सगळी ओळ दाबतात. इथेच आमच्या पोस्टरचा विषय सापडला. मुलांनी पट्टीने खोली मोजली आणि वरून दिसेल तशी कार्डशीटवर काढली. बाकांच्या रांगा, दार, मोकळी झालेली खिडकी. प्रत्येक पंखा एक रंगीत वर्तुळ, प्रत्येक ट्यूब एक रंगीत पट्टी, आणि बोर्डावरच्या त्या त्या बटणाशेजारी तोच रंग. खिडकीकडचा निळा, दाराकडचा शेंदरी. अक्षरांसाठी पिवळ्यावर काळा रंग घ्यायला मी सांगितलं, तो शेवटच्या बाकावरूनही वाचता येतो. ओळ मुलांचीच : ‘कुणी नाही तिथला रंग विझवा.’

एवढं सुबक काम ऑफिससमोरच्या काचेच्या फलकात लावू, असं काहींचं मत पडलं. मुलांनी ते ऐकलं नाही, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. पोस्टर बोर्डाच्या शेजारी लागलं, हात जातो तिथे. आता मधल्या सुट्टीची घंटा झाली की दाराशी कुणीतरी ‘‘निळा राहिला!’’ असं ओरडतं आणि एकजण मागे वळतो.

जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा बाकं हललेली असतील, एखादी ट्यूब जाऊन एलईडी आलेली असेल. नवी सातवी पुन्हा खोली मोजेल. सध्या नववीवाले पट्टी मागायला येऊन गेले आहेत. त्यांच्या वर्गात दोन बोर्ड आहेत, तेव्हा त्यांना रंगही जास्त लागतील.