एक की दोन?

मराठी विभागाच्या संपादक मंडळींनी मला मेसमध्ये गाठलं. "काहीतरी लिही रे." म्हटलं, मी कॉन्व्हेंटचा, ऱ्हस्व-दीर्घाशी माझा संबंध दहावीलाच संपला. "ते आम्ही बघतो!" तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या खात्यावर मांडा.

विषय आहे अमेरिकन फुटबॉल. हसू नका! आत्याचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याने हे वेड लावलं. हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांवर का आदळतात, हे कळायला मला एक अख्खी पीएल लागली (अभ्यास तसाही होत नव्हता).

बॉल घेऊन समोरच्याच्या एंड झोनमध्ये पोचलात की टचडाउन, सहा गुण. पण गंमत त्यानंतर आहे. आता कोचने ठरवायचं, एक की दोन? बॉल किक मारून खांबांमधून घालवला तर एक गुण. किंवा दोन यार्डांवरून पुन्हा एंड झोनमध्ये घुसायचं, जमलं तर दोन. संधी एकच. व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, हा दोनचा पर्याय १९९४ ला आला. कॉलेजच्या खेळात तो १९५८ पासूनच होता. पूर्वी किक इतकी जवळून असायची की ती चुकणं म्हणजे बातमीच. म्हणून २०१५ मध्ये एनएफएलने ती मागे नेली, आता ती ३३ यार्डांची पडते आणि अधूनमधून चुकते. दोनचा प्रयत्न मात्र साधारण निम्म्या वेळा फसतो. त्यामुळे बहुतेक कोच मुकाट्याने एक घेतात.

आता समजा तुम्ही १४ ने मागे आहात, वेळ थोडा आहे आणि तुम्ही टचडाउन केलात. राहिले आठ. घरी बसलेला कोणीही सांगेल, एक घ्या, सात राहतील, पुढच्या टचडाउनला बरोबरी. दादा म्हणाला, चूक! आत्ताच दोनला जा. मी भांडलो. मग जर्नलच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. धरून चालू की दुसरं टचडाउन होणार, समोरच्यांचे गुण वाढणार नाहीत, किक चुकणार नाही आणि जादा वेळेत दोघांना समान संधी. दोन्हीदा किक मारली तर बरोबरी, जिंकायची शक्यता ५० टक्के. आधी दोनला गेलो, तर शंभरात पन्नास वेळा जमेल, मग पुढच्या टचडाउनला साधी किक मारून सरळ विजय. उरलेल्या पन्नासात दुसऱ्यांदा दोनला जायचं. पंचवीसदा बरोबरी, त्यातले साडेबारा आपले. एकूण साडेबासष्ट! दोनचा प्रयत्न फक्त ३८ टक्के वेळा जमला, तरी हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. रूम पार्टनर म्हणाला, "एवढं एम-थ्रीला केलं असतंस तर..." त्याचं पुढे येईलच.

२ जानेवारी १९८४, मायामीतला ऑरेंज बोल. अपराजित नेब्रास्का ३१-१७ ने मागे. टचडाउन, किक, ३१-२४. ४८ सेकंद उरले असताना पुन्हा टचडाउन, ३१-३०. तेव्हा कॉलेजच्या खेळात जादा वेळ नव्हता. किक मारून बरोबरी केली असती तरी राष्ट्रीय विजेतेपद बहुधा त्यांनाच मिळालं असतं. कोच टॉम ऑस्बोर्न दोनला गेले. पासला मायामीच्या खेळाडूचा हात लागला, संपलं. त्यांच्या हिमतीबद्दल सगळे बोलतात, आणि मलाही ते आवडतात. पण माझं डोकं आदल्या टचडाउनपाशी अडकतं. दोनला तेव्हाच गेले असते आणि फसले असते, तरी हातात अजून एक टचडाउन होतं. शेवटी फसल्यावर हातात काहीच उरत नाही.

हे मला पटायचं कारण वेगळं आहे. तिसऱ्या सेमला एम-थ्रीत माझी केटी लागली. घरी फोनवर सांगितलं, "रिझल्ट लागला नाही अजून." पुढच्या फोनला तेच. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी सोपी किक, एक-एक गुण! तीनच मार्क कमी होते, पण रिव्हॅल्युएशनची फी बाबांकडे मागायची तर खरं सांगावं लागणार. सांगेन-सांगेन म्हणता फॉर्मची तारीख गेली. शेवटी मार्कशीटच घरी नेली तेव्हा बाबा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर काही करता आलं असतं." त्यांनी ओरडायला हवं होतं असं आजही वाटतं.

यंदा पुन्हा एक विषय गेला. रिझल्ट दुपारी लागला. संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर रेंज शोधली आणि फोन लावला. आईने उचलला, मी म्हटलं, "बाबांना दे." सांगून टाकलं. पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. बराच वेळ काही नाही.

मग बाबा म्हणाले, "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"