मासवडी, मामा आणि व्हिएन्नाच्या दोन बाटल्या

वीकेंडला कुठे जायचं, हा प्रश्न या वेळी दोन बाटल्यांनी सोडवला. ऑफिसातला मित्र व्हिएन्नाहून येताना एक व्हाइट, एक रेड घेऊन आला. म्हणाला, ‘चाखून मार्क दे.’ आता फ्लॅटवर वेफर्स खात मार्क द्यायचे? छे! चाकण, मंचर मागे टाकलं आणि गाडी थेट नारायणगावजवळ मामांच्या द्राक्षबागेत.

नारायणगावच का? अहो, 1980 च्या दशकात ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन फ्रेंच तंत्राने इथेच बनायची आणि परदेशात विकली जायची. शाटो इंडाज ही तिची कंपनी आता उरली नाही. आणि सातवाहनांच्या काळात तर इटलीची वाइन भडोचला जहाजाने उतरायची. नाणेघाट त्याच समुद्री व्यापाराचा रस्ता, जुन्नरला चढणारा. म्हणजे आमची ट्रिप तशी परंपरेला धरूनच!

व्हाइट बाटली बादलीत घालून विहिरीत सोडली. मामींनी मासवडी केली होती. (नावात मासा असला तरी शुद्ध शाकाहारी. बेसनाच्या वडीत तीळ-खोबरं-लसूण, सोबत जाळ रस्सा.)

ग्रूनर फेल्टलिनर. ऑस्ट्रियाची लाडकी द्राक्षजात, तिथल्या साधारण एक तृतीयांश बागा तिच्याच. आधी लिंबू, मग हिरवं सफरचंद, शेवटी पांढऱ्या मिरीचा चटका. रश्श्यापुढे पळून जाईल वाटलं होतं, पण उलट तोंड धुऊन पुढच्या घासाला तयार! दहापैकी साडेआठ.

रेड म्हणजे त्स्वाइगेल्ट. 1922 मध्ये दोन जातींचा संकर करून काढलेली. चेरीचा वास, हलकं अंग. रश्श्याबरोबर मात्र तिखट जास्तच भडकलं. मी सहा दिले.

मामा नुसते बघत होते. 2001 च्या वाइन धोरणानंतर त्यांनीही शिराझ लावली होती. 2009 च्या मंदीत भाव गेला आणि वेल उपटून खाण्याची द्राक्षं लावली. इतकी वर्षं वाइनची द्राक्षं काढली, वाइन एकदाही चाखली नाही.

‘ब्रिक्स मोजायचे न् माल न्यायचे. चव कशी झाली, कोन सांगतंय?’

बाटलीच्या झाकणावरचा लाल-पांढरा-लाल पट्टा त्यांनी निरखला. तिथल्या सरकारी तपासणीची खूण आहे ती. मी सांगितलं, 1985 मध्ये तिथल्या काही जणांनी वाइनमध्ये विषारी रसायन मिसळलं, निर्यात बसली, प्रामाणिक शेतकरीही भरडले. मग कडक कायदा आला आणि हळूहळू नाव परत मिळवलं.

‘किती वर्सं लागली?’

‘बरीच.’

मामींकडे चोरून बघत त्यांनी स्टीलच्या पेल्यात दोन घोट रेड ओतून घेतली. वास घेतला, तोंडात घोळवली, बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘मासवडीसंग कशाला पितो रं? नुसती पी,’ म्हणाले. ‘साडेसात लिव्ह.’