किती सेट राहिले?

बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या माझ्या जिममध्ये संध्याकाळी सहानंतर बेंच प्रेससाठी थांबावंच लागतं. मंगळवारी बेंचवर पंचविशीचा एक पोरगा होता. एक सेट मारायचा, मग सात-आठ मिनिटं मोबाइल. शेवटी उठून गेला, तर दांड्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोच्या दोन-दोन प्लेटा तशाच. काळ्या रेक्झिनवर त्याच्या पाठीएवढा घामाचा ओला डाग. इथं टॉवेल अंथरल्याशिवाय बेंचवर बसायचंच नाही, हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे.

पहिली दोन वर्षं अशा वेळी मी काही बोलत नसे. मुकाट्यानं प्लेटा उतरवायचो, बेंच पुसायचो आणि रात्री जेवताना बायकोपुढे सगळा राग काढायचो. बोलायची सवयच नव्हती. लातूरच्या तालमीत बोलायचं काम वस्तादांचं असायचं. पहाटे फावड्यानं माती उकरायची, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल कालवायचं आणि कसरत झाली की जो शेवटी वर येईल त्यानं ती सारखी करायची. मारुतीशेजारी रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचा फोटो होता. आमच्याच जिल्ह्यातला माणूस रुस्तुम-ए-हिंद झाला, याचा आम्हाला फार अभिमान. एकदा मी मुद्गलांची जोडी फिरवली आणि तशीच भिंतीला टेकवून निघालो. वस्ताद कट्ट्यावरून एवढंच म्हणाले, "का रे, हे मागच्यानं उचलायचं व्हय?" पुढचा महिनाभर सगळ्यांच्या जोड्या मी जागेवर लावल्या.

इथं कट्ट्यावर कुणी वस्ताद नाही. काउंटरवरची मुलगी कार्ड तपासते, ट्रेनर आपल्या गिऱ्हाइकात गुंतलेला असतो. मला बोलायला शिकवलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. लेग प्रेसवर एक धिप्पाड गडी फोनवर बोलत बसला होता. बाई जवळ गेल्या आणि विचारलं, "अजून किती सेट?" तो म्हणाला दोन. "मग आलटून पालटून करू." तो उठला, त्यांच्यासाठी वजन कमी करून दिलं. कुणाचा आवाज चढला नाही, कुणाचा अपमान झाला नाही. मी बघतच राहिलो. नांदेडला हॉस्टेलवर असताना हाच प्रश्न विचारला असता, तर लातूरची पोरं एका बाजूला आणि नांदेडची दुसऱ्या बाजूला उभी राहिली असती.

जर्मनमध्येही तू आणि तुम्ही यांत मोठं अंतर आहे, पण जिममध्ये सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे तूच म्हणतात. ही रीत जुनी आहे. फ्रीड्रिश लुडविग यान यांनी 1811 साली बर्लिनच्या हाझेनहाइडेत उघड्यावरचं व्यायामाचं मैदान सुरू केलं, तिथंही सगळे एकमेकांना 'दू'च म्हणत. ती हाझेनहाइडे आता आमच्या नॉयकोल्नमध्येच आहे. एकाच मातीत उतरलेल्यांत कसलं अहो-जाहो, हे मला तालमीमुळे लगेच पटलं.

सगळ्याच गोष्टींवर बोलावं असं नाही. कुणी वजन उचलताना ओरडतो, कुणी प्लेटा आदळतो. ते मी सोडून देतो. कुणी आपला व्हिडिओ काढताना मागच्या बायाबापड्या त्यात येत असतील तर मात्र गप्प बसत नाही. आणि बोलायचं ते माणसाविषयी नाही, वस्तूविषयी. 'तू प्लेटा टाकून गेलास' म्हटलं की समोरचा बाह्या सरसावतो.

मंगळवारी तो पोरगा नळाशी बाटली भरत होता. मी जाऊन म्हटलं, "बेंचवरच्या प्लेटा राहिल्यात. चल, दोघं मिळून उतरवू." त्यानं एका कानातला हेडफोन काढला. कान लाल झाले. एक बाजू त्यानं उतरवली, एक मी. मग न सांगता तो कागद आणि फवाऱ्याची बाटली घेऊन आला आणि बेंच वरपासून खालपर्यंत पुसून काढला.

गुरुवारी बेंचवर मी होतो. तो शेजारी येऊन उभा राहिला, म्हणाला, "किती राहिले?"

"दोन," मी म्हटलं आणि टॉवेल उचलून त्याला जागा करून दिली.