चौथ्या चरणाची जागा

ज्ञानेश्वरीतील चरणांची अक्षरे मोजण्याचा खटाटोप आम्ही ज्युपिटर नोटबुकमध्ये केला होता. तेव्हा वर्गातले सादरीकरणही त्यातूनच करावे, असे ठरले. प्रत्येक कप्प्याला ‘स्लाइड’, ‘सब-स्लाइड’ वा ‘फ्रॅगमेंट’ असे पद द्यायचे, की एनबीकन्व्हर्ट त्यांची रिव्हील-जेएसची पाने करून देतो.

पहिल्याच पडद्यावर ओवीचे गद्य झाले. मार्कडाउन ओळीअखेरची साधी मोड जुमानत नाही. चारही चरण सलग वाहू लागले. (हस्तलिखित पोथ्यांतही मजकूर सलगच असे म्हणा, पण तिथे दंड असतो.) ओळीअखेर दोन मोकळ्या जागा सोडून चरण सुटे केले. मग शोभेचा मोह झाला. शैलीपत्रकात अक्षरांमधले अंतर वाढवले, तर शिरोरेषाच तुटली. ते पूर्ववत केले आणि ओव्या पानाच्या मध्यभागी घेतल्या. पान देखणे झाले, आणि नेमके तिथेच आम्ही फसलो. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड नि यमकाविना, हेच तर शिकवायचे होते. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, खालची ओळ आखूड आहे ती छंदामुळे की सजावटीमुळे?”

आता ओळी डावीकडे लावल्या आहेत. चौथा चरण वेगळ्या कप्प्यात घालून त्याचे ‘फ्रॅगमेंट’ केले, म्हणजे कळ दाबेपर्यंत तो दिसत नाही. तेवढ्या उसंतीत मागच्या बाकांवरून दोघेतिघे तो पुरा करू पाहतात. आमच्यापैकी एकाला ही उसंत नाटकी वाटते. ते अजूनही फळ्यावरच लिहितात.