हिरव्या रंगाची मॉन्स्टर

डुकाटी या इटालियन कंपनीने २०१२ साली ‘डिझेल’ या कपड्यांच्या ब्रँडला हाताशी धरून मॉन्स्टरची एक खास आवृत्ती काढली. अंगभर चकाकी नसलेला लष्करी हिरवा रंग, काळे सायलेन्सर आणि त्या हिरव्या-काळ्यात एकदम डोळ्यांत भरणारे पिवळे ब्रेक कॅलिपर. रंगाला नाव दिलं ‘डिझेल ब्रेव्ह ग्रीन’. शूरांचा हिरवा.

मॉन्स्टर ही माझी आवडती गाडी आहे. तिचे फोटो मी अजूनही तासन्‌तास बघू शकतो. अर्जेंटिनात जन्मलेल्या मिगेल गालुझी या डिझायनरने डुकाटीच्याच गोदामातलं सामान घेतलं, एका गाडीचं इंजिन, दुसरीच्या घराण्यातली चौकट, आणि बाकीचं काढून टाकलं. १९९३ साली ती गाडी रस्त्यावर आली. पोलादी नळ्यांची जाळीदार चौकट उघडी, तिच्यात बसवलेले दोन सिलिंडर उघडे. त्या इंजिनात व्हॉल्व्ह मिटवायला स्प्रिंग नसते. उघडायला जसा कॅम, तसाच मिटवायलाही कॅम. हिरवी आवृत्ती ज्या गाडीवर बेतली, त्या ११०० इव्होचं इंजिन १०७८ सीसीचं, वाऱ्यावरच थंड होणारं, सुमारे १०० अश्वशक्तीचं. नेकेड बाइक म्हणतात ती ही. लपवण्यासारखं काही नसलं की गाडी किती देखणी होते, हे तिच्याकडे बघून कळतं.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गाड्या उघड्या होतात त्या चिखलाने. आलापल्लीच्या पुढे एटापल्ली-भामरागडकडे पावसाळ्यात आतल्या गावांना निघालं की लाल चिखल पुढच्या टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत जाऊन बसतो आणि चाक फिरेनासं होतं. मग गडी उतरतो, काडीने चिखल उकरतो, चार पावलं जातो, पुन्हा उतरतो. शेवटी कंटाळून मडगार्डच काढून घरी ठेवतो. चेनकव्हर त्याआधीच गेलेलं असतं. बाजूची पॅनल तुटतात ती पुन्हा बसत नाहीत, बॅटरी रबरी ट्यूबच्या पट्टीने आवळलेली असते. आठवडी बाजाराच्या दिवशी झाडाखाली लागलेली अशी गाडी जवळून बघावी. सीटच्या मागे मोहाचं पोतं, हँडलला पिशवीत मुंडकं बाहेर काढलेला कोंबडा, इंजिनच्या पंखांमध्ये वाळून वीट झालेली माती. रात्री पोट दुखायला लागलेल्या बाईला दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेणारी हीच गाडी असते. तिच्यावर जे उरलेलं असतं ते कामाचं असतं म्हणूनच उरलेलं असतं. गालुझीच्या गाडीचा आणि हिचा जीव मला एकच वाटतो.

म्हणूनच त्या हिरव्या रंगापाशी मी अडतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की, संरक्षण खात्याची वाहनं सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. भद्रावतीच्या आयुध निर्माणीमुळे चंद्रपूरकरांना लष्कराचा हिरवा तसा नवा नाही. पण गडचिरोलीत हिरवा रंग वेगळाच होता. १९९० मध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध सी-६० पथक उभं राहिलं, त्यात स्थानिक पोरं भरती झाली, अनेक आदिवासी घरांतली. समोर जंगलात नक्षलवाद्यांचं सशस्त्र दलम, त्यातही आदिवासी घरांतलीच पोरं. दोघांच्या अंगावर हिरवे कपडे. २००९ या एका वर्षात मर्केगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे मिळून चाळीसहून जास्त पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पोलिसांचे पंधरा जवान आणि त्यांचा गाडीचालक गेले. दोन्हीकडच्या गोळीच्या मधे जी गावं होती, त्यांच्या मरणाची मोजदाद अशी तारखेने सांगता येत नाही. लांबून हिरवं दिसलं की आधी पोरांना घरात घ्यायचं, हे तिथल्या आयांनी किती वर्षं केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती आणि त्याच्या अनेक साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा मला सगळ्यात आधी त्या आया आठवल्या. तो रंग दुकानातल्या जाकिटावर आणि गाडीच्या टाकीवर नुसता रुबाब म्हणून आलेला मला सोसवत नाही.

डिझेलचं बोधचिन्हही मला असंच टोचतं. १९७८ साली रेंझो रोसो यांनी उभारलेल्या या ब्रँडचं चिन्ह म्हणजे मोहिकन माणसाचं डोकं, मधे केसांचा तुरा. गाडीवरही ते उमटलं. मोहिकन ही हडसन नदीच्या खोऱ्यातली जमात, हुसकावली जात जात विस्कॉन्सिनपर्यंत पोचली. त्यांचा चेहरा जीन्सच्या शिक्क्यासाठी घेताना त्यांना कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. आमच्याकडे गाडीवर जे चिकटवलेलं असतं ते ज्याचं त्याचं असतं. गोंड पोराच्या टाकीवर ‘जय सेवा’ असतं. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात बौद्ध धम्माची दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवशी खेड्यापाड्यांतून दीक्षाभूमीकडे येणाऱ्या गाड्यांवर निळे झेंडे असतात. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांनी हत्तीला नमवणारा सिंह कोरून ठेवला आहे. त्याखालून रोज हजारो गाड्या जातात, आणि तो सिंह आपला आहे असं म्हणणारी माणसं त्या गाड्यांवर असतात.

डुकाटी आणि डिझेल २०१७ मध्ये पुन्हा एकत्र आले. या वेळी मॉन्स्टरऐवजी डायव्हेल ही गाडी होती, जगभरासाठी फक्त ६६६ गाड्या, आणि भारतात तिची किंमत तेव्हा वीस लाखांच्या घरात होती. ही मात्र मला मनापासून आवडली. तिच्या टाकीवर हाताने घासलेलं स्टेनलेस स्टील आहे, रिव्हेट दिसतात, आणि वेल्डिंगचा सांधा घासून गुळगुळीत न करता तसाच ठेवलेला आहे. फॅशनवाल्यांनी इथे कुणाचा गणवेश उचलला नाही. चंद्रपूरच्या बाबूपेठेत किंवा बल्लारपूरच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान चालवणारा कारागीर तो सांधा बघेल, त्यावरून अंगठा फिरवेल, आणि करणाऱ्याचा हात कसा आहे हे तेवढ्यात सांगेल. हिरव्या मॉन्स्टरचा मात्र रंग खरवडून काढावा आणि खालच्या गाडीला मोकळं करावं, असंच मला वाटत राहतं.